आईची कागदपत्रे आणि ग्रंथसंग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायचा आहे. देण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

पानोपानी (प्रश्न)

नमस्कार. माझी आई भाषाविज्ञानाची अभ्यासक आणि अध्यापक होती. ती गेल्या वर्षी गेली. तिच्या मागे घरात सुमारे अडीच हजार पुस्तके आणि कागदपत्रांनी भरलेली सव्वीस खोकी आहेत. त्यांत क्षेत्रकार्याच्या टिपणवह्या, शब्दनोंदींची हजारो कार्डे, देशोदेशीच्या सहकाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार, अप्रकाशित लेखांचे खर्डे, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरचे अभिप्राय, बोलीभाषकांच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती आणि तिचा जुना संगणक, असे सर्व काही आहे. तिने जेथे शिकवले त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हा संग्रह स्वीकारण्याची तयारी दाखवली आहे, मात्र अद्याप काहीही लेखी झालेले नाही.

आम्ही दोघे भावंडे संग्रह द्यायचा यावर एकमत आहोत. मतभेद आहे तो पद्धतीबद्दल. भावाचे म्हणणे असे, की आपण आधी सर्व कागद सालवार लावावेत, कार्डे वर्णानुक्रमे लावावीत, निरुपयोगी वाटेल ते काढून टाकावे आणि नीटनेटका संग्रह सुपूर्द करावा, म्हणजे ग्रंथालयाचे काम हलके होईल. मला मात्र आपल्या हातून काही बिघडेल अशी भीती वाटते, पण तिचे नेमके कारण सांगता येत नाही. शिवाय पुस्तके आईच्या नावाच्या स्वतंत्र कपाटात एकत्र ठेवावीत असा आग्रह धरावा का, पुढे तिचे अप्रकाशित लेखन छापण्याचा हक्क कोणाकडे राहील, आणि ज्यांची पत्रे त्यात आहेत त्यांतील काही जण हयात असताना ती खुली करणे योग्य ठरेल का, हेही प्रश्न आहेत. ज्यांनी असे दान केले आहे किंवा ज्यांनी ते स्वीकारण्याचे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खोकी_क्रमांक_एक

मी बरीच वर्षे अभिलेखागारात काम केले आहे. आपल्याला वाटणारी भीती अगदी योग्य आहे, आणि तिचे कारण आमच्या व्यवसायाच्या पायाशी असलेले आहे.

अभिलेखशास्त्रात दोन तत्त्वे मानली जातात. एका व्यक्तीचे किंवा संस्थेचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हे पहिले. १८४१ मध्ये फ्रान्सच्या गृहखात्याने काढलेल्या परिपत्रकात ते प्रथम स्पष्टपणे मांडले गेले. कागद ज्या क्रमाने त्या व्यक्तीने ठेवले तो क्रम शक्यतो मोडायचा नाही, हे दुसरे. तीन डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हस्तपुस्तिकेमुळे ते जगभर रूढ झाले. यामागचा विचार साधा आहे. एखादे पत्र कोणत्या टिपणाशेजारी ठेवले होते, कोणता खर्डा कोणत्या कात्रणासोबत एकाच पाकिटात होता, यावरून अभ्यासकाला कागद लिहिणाऱ्याच्या मनातील जोडणी कळते. ती जोडणी कोणत्याही एका कागदावर लिहिलेली नसते, म्हणून एकदा मोडली की परत उभी करता येत नाही. सालवार लावलेली पत्रे दिसायला सुबक असतात, पण तारखेनुसार शोध घेण्याची सोय सूची करूनही मिळते. त्यासाठी मूळ रचना मोडण्याची गरज नाही. बंधूंना हे अवश्य सांगावे.

याचा अर्थ आपण हात बांधून बसावे असा नव्हे. प्रत्येक खोके, कपाट आणि मेजाचा खण जसा आहे तसा छायाचित्रात टिपून घ्या. मग खोक्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येक खोक्यात साधारण काय आहे, ते खोके घरात कोठे होते आणि त्यातले कागद कोणत्या वर्षांचे असावेत, एवढे दोन-तीन ओळींत लिहा. आपण जे करू शकता आणि आम्ही कधीच करू शकत नाही, ते काम वेगळेच आहे: छायाचित्रांतील माणसे ओळखणे, पत्रांतील घरगुती नावे कोणाची हे सांगणे, आई वापरत असे त्या खुणा आणि संक्षेप उलगडणे. हे सारे वेगळ्या कागदावर लिहून संग्रहासोबत द्या. छायाचित्राच्या मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला आणि न दाबता लिहावे. शाईचे पेन वापरू नये.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि मग कागद इजा न होता सोडवणे फार कठीण जाते. कुजत चाललेली रबरबँड अलगद काढून त्या जागी कागदाची पट्टी गुंडाळावी, म्हणजे गठ्ठा तसाच राहतो. गंजलेल्या टाचण्या मात्र आमच्यासाठी सोडा, कारण ओढून काढताना कागद फाटतो. वर्तमानपत्रांची कात्रणे आम्लयुक्त कागदाची असल्याने शेजारच्या पानावर तपकिरी डाग पाडतात, पण तीही स्थानभ्रष्ट न करता मध्ये कोरा आम्लरहित कागद सरकवावा. एखाद्या खोक्याला कुबट वास येत असेल किंवा पानांवर बुरशी दिसत असेल, तर ते खोके इतरांपासून ताबडतोब दूर ठेवा आणि ग्रंथालयाला आधी कळवा. झटकू नका, पुसू नका. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी वाढू लागते, म्हणून हस्तांतर होईपर्यंत खोकी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नयेत. डांबराच्या गोळ्याही घालू नयेत. त्यांची वाफ वाचणाऱ्याला आणि कागद हाताळणाऱ्याला त्रासदायक असते.

निरुपयोगी कागदांबद्दल एकच विनंती. आपल्याला किरकोळ वाटणारी प्रवासाची टाचणे, खर्चाच्या वह्या किंवा न पाठवलेल्या पत्रांचे खर्डे यांतूनच क्षेत्रकार्य कसे झाले हे कळते. निवड करण्याचे काम अभिलेखपालावर सोपवा. एखादी गोष्ट कुटुंबाला खाजगी ठेवायची असेल तर ती आधीच बाजूला काढणे हा आपला पूर्ण अधिकार आहे, पण तो विचारपूर्वक वापरावा.

कपाटभर

मी अनुभवातून लिहीत आहे, आणि तो सुखद नाही. माझ्या वडिलांची पुस्तके आम्ही एका विद्यापीठाला तोंडी बोलण्यावर विसंबून दिली. पोच म्हणून आभाराचे दोन ओळींचे पत्र आले. काही वर्षांनी वडिलांच्या हस्ताक्षरातील समासटीपा असलेले एक पुस्तक जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एका परिचिताला मिळाले आणि त्यांनी ते मला आणून दिले. चौकशी केली तेव्हा सांगण्यात आले, की ते शीर्षक ग्रंथालयात आधीच होते, म्हणून दुबार प्रती निकाली काढण्यात आल्या. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता, कारण आमच्यात कोणता नियम ठरलाच नव्हता. ज्या पुस्तकावर वडिलांनी तीस वर्षे टिपा लिहिल्या ते दुबार प्रत म्हणून मोजले गेले, याचे दुःख आजही जात नाही.

म्हणून माझे ठाम मत आहे, की स्वतंत्र कपाटाचा आग्रह धरावा, आणि संग्रह कधीही विभागला जाणार नाही असे लिहून घ्यावे. ते मान्य नसेल तर देऊ नये.

समासातील_टीप

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दान आणि देवघेव विभाग सांभाळला आहे. कपाटभर यांचे दुःख मी समजू शकतो, आणि अशी चूक आमच्या बाजूने होते हे मान्य करतो. तरीही स्वतंत्र कपाटाच्या अटीबद्दल वेगळे सांगावेसे वाटते.

अडीच हजार पुस्तकांपैकी पुष्कळशी ग्रंथालयात आधीच असणार. ती सर्व एका नावाच्या कपाटात कुलूपबंद ठेवली, तर वाचकाला विषयानुसार शोधताना ती दिसत नाहीत, आणि वीस वर्षांनी जागा अपुरी पडली की नवा ग्रंथपाल त्या कपाटाकडे ओझे म्हणून पाहू लागतो. 'कधीही विभागणार नाही' अशी कायमची अट चांगली ग्रंथालये सहसा स्वीकारत नाहीत, आणि जे सहज स्वीकारतात त्यांच्याकडून ती पाळली जाईलच असे नाही. त्याऐवजी संग्रहाचे दोन भाग करावेत. ज्या पुस्तकांत आईच्या समासटीपा, खुणा, लेखकांच्या स्वाक्षऱ्या किंवा आत ठेवलेली टिपणे आहेत ती पुस्तके नसून कागदपत्रेच आहेत असे समजावे, आणि ती अभिलेखागारात कागदपत्रांसोबत जावीत. चार्ल्स डार्विन यांच्या ग्रंथसंग्रहाचे उदाहरण बोलके आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी जोडल्या गेलेल्या त्यांच्या १,४८० पुस्तकांपैकी ७३० पुस्तकांच्या समासांत त्यांच्या संशोधनाच्या विपुल नोंदी आहेत, आणि अभ्यासक ती पुस्तके उघडतात त्या नोंदींसाठी. त्याच ग्रंथांच्या कोऱ्या प्रती जगात इतरत्र मिळतील, पण त्यांत या नोंदी नसतील.

उरलेली पुस्तके सर्वसाधारण दालनात जाऊ द्यावीत, प्रत्येकावर देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी आणि संगणकीय सूचीत तशी नोंद असावी. नोंद असली की पुस्तके वेगवेगळ्या मांडण्यांवर असूनही संग्रह एका शोधात समोर येतो. येथे यादीचे महत्त्व सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉन हार्वर्ड यांनी १६३८ मध्ये मृत्युपत्राने सुमारे ४०० ग्रंथ ज्या महाविद्यालयाला (आजच्या हार्वर्ड विद्यापीठाला) दिले, तेथे १७६४ मध्ये लागलेल्या आगीत ते जवळपास सर्व जळाले. त्यांतला एकच ग्रंथ आज शिल्लक असल्याचे मानले जाते. पण ग्रंथांची यादी महाविद्यालयाच्या दप्तरात लिहिलेली होती, म्हणून त्यांनी काय वाचले असेल हे आजही सांगता येते. आपणही देण्यापूर्वी प्रत्येक फळीची पुस्तकांचे कणे वाचता येतील अशी छायाचित्रे घ्या. शीर्षक, लेखक, वर्ष आणि 'टिपा आहेत किंवा नाहीत' एवढी चार रकान्यांची यादी केली तर उत्तमच. पाने चाळताना आत चिठ्ठी सापडली तर ती कोणत्या पानात होती ते लिहून तेथेच राहू द्या.

दुबार प्रतींबाबत मात्र लेखी अट जरूर घालावी: निर्लेखन करण्यापूर्वी, म्हणजे पुस्तके संग्रहातून कायमची काढून टाकण्यापूर्वी, कुटुंबाला यादी पाठवावी, ठरावीक मुदतीत, समजा तीन महिन्यांत, हवी ती पुस्तके परत घेण्याची संधी द्यावी, आणि त्यानंतर उरलेली दुसऱ्या ग्रंथालयाला द्यावीत. निर्लेखनाच्या घाईने मोठ्या संस्थांचेही नुकसान झाले आहे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला संग्रह छपाईनंतर लगेच मिळाला होता. नवी आवृत्ती आल्यावर सतराव्या शतकातच तो जादा प्रत म्हणून बाहेर गेला, आणि १९०५ मध्ये अनपेक्षितपणे पुन्हा समोर आल्यावर ग्रंथालयाला लोकवर्गणी काढून ३,००० पौंडांना तो परत विकत घ्यावा लागला.

कपाटभर

आपले म्हणणे पटते. समासटीपांची पुस्तके कागदपत्रांत मोजायची, हे आम्हाला त्या वेळी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. कपाटाचा आग्रह मी मागे घेतो. यादी आणि परत घेण्याची मुदत यांचा आग्रह कायम आहे.

दस्तऐवज

मूळ प्रश्नातील हक्कांचा आणि हयात व्यक्तींच्या पत्रांचा भाग राहिला आहे, त्याबद्दल लिहितो.

दानपत्रात कागदाची मालकी आणि लेखनाचा कॉपीराइट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कागद ग्रंथालयाला दिले म्हणजे छापण्याचा हक्क आपोआप दिला असे होत नाही. आईच्या लेखनाचा कॉपीराइट, तिने वेगळी व्यवस्था केली नसल्यास, वारसांकडे येतो. तो आपण स्वतःकडे ठेवू शकता, ग्रंथालयाकडे सोपवू शकता, किंवा स्वतःकडे ठेवून अध्यापन, संशोधन व संगणकीय प्रत तयार करण्यापुरती परवानगी देऊ शकता. मला हा तिसरा मार्ग बहुतेक कुटुंबांसाठी सोयीचा वाटतो. हक्काची मुदत देशानुसार बदलते. लेखकाच्या निधनानंतर सर्वसाधारणपणे भारतात ६० वर्षे, युरोपीय संघात ७० वर्षे. वारस दोन असतील तर दोघांच्याही स्वाक्षऱ्या हव्यात, आणि दोघांपश्चात परवानगी कोण देईल हेही लिहावे. वारस सापडत नाहीत म्हणून अप्रकाशित राहिलेली हस्तलिखिते कमी नाहीत.

आईला आलेल्या पत्रांचे कागद आपले आहेत, त्यांतील मजकुराचा कॉपीराइट मात्र पत्र लिहिणाऱ्यांचा आहे. म्हणून ती वाचायला देता येतात, पण छापण्याची परवानगी आपण देऊ शकत नाही. आईने लिहिलेली पत्रे इतरांच्या घरी असतील. तेथे नेमके याच्या उलट.

हयात व्यक्तींची पत्रे काही काळ बंद ठेवण्याची अट घालता येते, परंतु बंदी नेमक्या कागदांवर आणि नेमक्या तारखेपर्यंत असावी. 'कुटुंबाच्या परवानगीशिवाय कोणालाही दाखवू नये' अशी मोघम अट दोन पिढ्यांनी कोणालाच उघडता न येणारे कुलूप बनते. नेमक्या अटीचा उत्तम दाखला प्रिन्स्टन विद्यापीठात आहे. कवी टी. एस. एलियट यांनी त्यांच्या मैत्रीण एमिली हेल यांना लिहिलेली १,१३१ पत्रे हेल यांनी १९५६ मध्ये त्या ग्रंथालयाला दिली, आणि दोघांपैकी मागे राहणाऱ्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी ती उघडावीत असे ठरले. हेल १९६९ मध्ये वारल्या आणि २०२० च्या जानेवारीत पत्रे वाचकांसाठी खुली झाली. मधल्या काळात ग्रंथपालांच्या पिढ्या बदलल्या, तरी अट संदिग्ध नसल्याने वाद झाला नाही.

मात्र गुप्ततेच्या वचनाला मर्यादा असते, हे दात्याला आधीच सांगायला हवे. बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडच्या संघर्षातील व्यक्तींच्या मुलाखती हयातीत उघड न करण्याच्या वचनावर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. २०११ मध्ये त्यांच्यासाठी न्यायालयीन आदेश निघाला आणि पुढे त्यांतील काही मुलाखती तपासयंत्रणेला द्याव्या लागल्या. ग्रंथालय वाचकाला थांबवू शकते, न्यायालयाला नाही. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरील अभिप्राय, शिफारसपत्रे आणि कोणाच्या आजाराविषयीचा मजकूर हे कागद आपण स्वतः फाडू नका, पण कोठे आहेत ते अभिलेखपालांना दाखवा. ते वेगळ्या पाकिटात काढून मूळ जागी तशी खूणचिठ्ठी ठेवतात.

एक गोष्ट घाईने सांगतो: 'कायमची ठेव' म्हणून, म्हणजे मालकी स्वतःकडे ठेवून, देण्यापेक्षा दान म्हणून द्या. आपली नसलेली वस्तू दुरुस्त करण्यासाठी आणि सूचिबद्ध करण्यासाठी ग्रंथालय सहसा खर्च करत नाही. आणि संग्रहाची किंमत ठरवून देण्यास ग्रंथालयाला सांगू नका. घेणाऱ्यानेच किंमत ठरवणे योग्य नाही, त्यासाठी त्रयस्थ जाणकार लागतो.

खोकी_क्रमांक_एक

ध्वनिफिती आणि संगणक यांबद्दल माझ्याकडून लिहायचे राहिले होते, आणि घाई करायची असेल तर ती येथेच करावी.

ध्वनिफिती घरच्या जुन्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळा. काही फितींचा थर दमटपणाने चिकट झालेला असतो आणि लावताच निघून येतो. चालू स्थितीतील यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे दोन्ही दुर्मीळ होत आहेत. २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनिअभिलेखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून याच कारणाने जगभर इशारा दिला होता. ग्रंथालयाला विचारा, की फितींचे संगणकीकरण कोण करणार आणि केव्हा. प्रत असंपीडित स्वरूपात, शक्य तर ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाची असावी, आणि मूळ फीत त्यानंतरही जपावी.

या मुलाखतींत बोलणारी माणसे कोण, त्यांना ध्वनिमुद्रण पुढे कोणी ऐकावे याची कल्पना दिली होती का, हे टिपणवह्यांत सापडते का ते पाहा. ती भाषा बोलणाऱ्या समाजाला आपल्याच वडीलधाऱ्यांचे आवाज ऐकता यावेत, त्यांना प्रत विनामूल्य मिळावी, अशी अट दानपत्रात घालावी असे मला मनापासून वाटते. अशी अट चांगले अभिलेखागार आनंदाने मान्य करते.

संगणक सुरू करून फाइली उघडू नका, कारण उघडून साठवल्या की त्यांच्या तारखा बदलतात. पासवर्ड ठाऊक असतील तर बंद पाकिटात द्या. ग्रंथालय संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढते. तीत पुसलेल्या फाइलीही कधी कधी परत दिसतात, तेव्हा त्या पाहण्याची परवानगी आहे की नाही ते दानपत्रात लिहा. सलमान रश्दी यांचे संगणक एमरी विद्यापीठाकडे आले तेव्हा तेथील ग्रंथालयाने एका जुन्या यंत्राचे वातावरणच नव्या संगणकावर उभे केले, आणि २०१० पासून अभ्यासकांना ते लेखकाने वापरले त्याच रूपात पाहता आले. प्रत्येक ग्रंथालयाला हे जमणार नाही, पण मूळ डिस्क न बिघडता पोहोचली तर पुढे कधी तरी जमू शकेल.

पानोपानी

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी भावाला वाचून दाखवली. पत्रे आणि कार्डे आहेत तशीच ठेवायचे त्याने मान्य केले, आणि कण्यांची छायाचित्रे काढण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे. ग्रंथालयाला पाठवण्यासाठी आम्ही लेखी मुद्दे तयार केले: टिपा असलेली पुस्तके अभिलेखागारात, निर्लेखनापूर्वी तीन महिन्यांची मुदत, कॉपीराइट आमच्याकडे पण संशोधनाला खुली परवानगी, प्रबंधांवरील अभिप्राय ठरावीक वर्षापर्यंत बंद, आणि फितींची प्रत त्या भाषकांना विनामूल्य. ते मान्य झाले तरच पुढे जाऊ.

काल खोक्यांची छायाचित्रे घेताना एक गोष्ट लक्षात आली, ती येथे नोंदवते. कार्डे वर्णानुक्रमे नाहीत याचे आम्हाला आश्चर्य वाटे. काही कार्डांचा उजवा कोपरा दुमडलेला आहे. टिपणवहीशी ताडून पाहिले, तर त्या सर्व कार्डांवरचे शब्द एकाच वृद्ध बाईंनी सांगितलेले निघाले, आणि कार्डांचा क्रम त्यांच्या बोलण्याच्या ओघाचा आहे. बाईंचे नाव कार्डांवर कोठेही नाही, फक्त वहीत आहे.

खोकी_क्रमांक_एक

हे आजच लिहून काढा, तारीख घाला, आणि तो कागद कार्डांच्या पहिल्या खोक्यात सर्वांत वर ठेवा. दुमडलेले कोपरे सरळ करू नका.